वहिनीचा नसलेला नेम

समीक्षा, तू मघाशी मेसमधे त्या नव्या पोट्टीले म्हणाली न, "काऊन वं, झिरो फिगर करून राह्यली का?" आन ती ताट तसंच ठेवून उठून गेली. मी तेव्हा काई बोलली नाई. आता बोलते. बसा इथं गॅलरीत, प्रॅक्टिकलले अजून तास आहे. फक्त मधे मधे टोकू नका, माही लाइन चुकते.

माही वहिनी, वर्षाली. रजतदादाची बायको. दादा आर्वीच्या एसटी डेपोत मेकॅनिक आहे, ते माहीत आहे तुम्हाले. वहिनी जामची. जामच्या चौकात तिच्या बाबाचं भज्याचं हॉटेल आहे, म्हणजे पोट्टी कढईच्या बाजूलेच वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा अशी गुटगुटीत होती, आन खाणारी! मिरचीचा ठेचा आम्ही चाटतो, ती घास घास खाये. आई तं खुश. माह्या आईचं कसं आहे, तिले माणूस आवडलं की ती त्याले वाढते. नाई आवडलं तरी वाढते, पण कमी.

मंग वर्षभरात वहिनीचं पोट दुखणं सुरू झालं. जुलाब. दिवसातून दहा दहा वेळा. वजन उतरलं ते उतरतच गेलं. एका डॉक्टरनं सांगतलं, आतड्याचा टीबी आहे, सहा महिने गोळ्या घ्या. घेतल्या. काई फरक नाई. फरक पडला तो गल्लीत. टीबी म्हटल्याबरोबर बायकाईनं आमच्या घरी पाणी पिणं सोडलं न! हळदीकुंकवाले यायच्या, कुंकू लावायच्या, आन "उपास आहे वं" म्हणून सटकायच्या. सगळ्याईचे उपास एकाच दिवशी. आई कपबश्या परत कपाटात ठेवे, धुतलेल्याच.

शेवटी सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं दुर्बिणीनं पाह्यलं, तुकडा काढून तपासला, आन समजलं की टीबी नाईच. क्रोन नावाचा रोग आहे. शरीरातले शिपाई राह्यतात न, बाहेरच्या जंतूशी लढणारे, ते आपल्याच आतड्यावर चालून जातात. कोणाले लागत नाई, कोणाकडून येत नाई. पण पूर्ण जात बी नाई. औषध सुरू झालं, थोडं बरं वाटलं.

मंग महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडं महालक्ष्म्यांचा सैपाक म्हणजे सोळा भाज्या, आंबील, कढी, पुरण, वडे, सगळं. वहिनी म्हणे, "आई, मले भाज्या नोको." आई म्हणे, "अवं, प्रसाद आहे. प्रसादानं कोणाचं वाईट झालं का? एक घास तं घे." तिनं घेतला. एक म्हणता म्हणता आईनं चार भरवले, लाडानं. दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनीचं पोट नगाऱ्यासारखं टम्म. उलट्या. गाडी करून सरळ सावंगी.

स्कॅनमधे दिसलं की एका जागी आतडं आतून सुजून सुजून इतकं बारीक झालं, की नळाले कचरा अडकावा तशी भाजी अडकली होती. सलाईन लावून, नाकातून नळी टाकून तीन दिवसांनी ते मोकळं झालं. सर्जन म्हणे, एवढा तुकडा कापून टाकू. पोटाचे जे मोठे डॉक्टर होते ते म्हणे, थांबा. ही आत्ता अडतीस किलोची आहे, हिले कापलं तं जखम भरन का नाई सांगता येत नाई. आधी आठ हप्ते फक्त पातळ आहारावर ठेवू. सुजेमुळं बारीक झालं असन तं मोकळं होईन. जुन्या जखमेमुळं आवळलं असन तं नाई होनार, मंग कापूच. पण तोवर अंगात ताकद तं येईन.

तिथं आहाराच्या मॅडम होत्या, भावना मॅडम. त्याईनं डबा दाखवला. पावडर. पाण्यात कालवून दिवसाचे आठ गिलास. वरून पाणी. बस. भात नाई, चहा नाई, बिस्किटाचा तुकडा नाई. आईनं विचारलं, "आन जेवण?" मॅडम म्हणे, "हेच जेवण, मावशी. याच्यात सगळं आहे. याच्यावर राह्यलं की सूज उतरते. कशी उतरते ते आम्हाले बी पूर्ण नाई माहीत, पण उतरते." आई म्हणे, "वरणाचं पाणी बी नाई?" मॅडम म्हणे, "नाई."

समजून राह्यलं न तुम्हाले? आठ हप्ते. मधे नवरात्र, दसरा, दिवाळी. आन चुकून काई जाडंभरडं पोटात गेलं, पुन्हा अडकलं, तं सरळ ऑपरेशन. अडतीस किलोच्या पोट्टीचं.

पहिले चार दिवस तं पोटात टिकलंच नाई. तो वास! गोड गोड, आईसक्रीम उन्हात ठेवल्यावानी. उलटी झाली की वहिनी रडे. मॅडमनं फोनवर सांगतलं, थंड करून, झाकणाच्या गिलासात, स्ट्रॉनं घोट घोट घे, वास नाई येत. आन ते चार दिवस मोजू नको, आजपासून पहिला दिवस धर. तेव्हा कोणाले वाटलं नाई की या चार दिवसांनी एवढा घोळ होईन.

आता खरी गोष्ट. आम्ही घरी आलो त्याच्या तिसऱ्या दिवशी विमलकाकू आल्या. शेजारच्या. त्या हातात वाटी घेऊनच येतात, रिकाम्या हातानं कधी नाई. म्हणे, "शोभा, सूनबाई ताटावर बसत नाई म्हणे? काय झालं वं पुन्हा?" ते "पुन्हा" असं म्हटलं न त्याईनं, की मले सहा महिन्यांच्या सगळ्या कोऱ्या कपबश्या दिसल्या. आईले बी दिसल्या असतीन. कारण माही आई, जी दुधात पाणी टाकलं तरी सांगून टाकते, ती एका दमात बोलली, "काई नाई झालं. चातुर्मासाचा नेम धरला तिनं. तुळशीच्या लग्नापर्यंत अन्न वर्ज्य. पातळावर राह्यते."

मी आईकडं पाह्यलं. आई माह्याकडं पाहेच ना.

आमच्या गल्लीत चातुर्मासात सगळ्याच बाया काई ना काई सोडतात. कोणी कांदा, कोणी गूळ. विमलकाकूनं वांगं सोडलं होतं, आन काकूले वांगं म्हणजे जीव की प्राण. त्याईची लेक मोनाली सासरून येऊन वर्ष झालं माहेरी बसेल आहे, तिचं नीट व्हावं म्हणून. पण अन्नच सोडणारी? काकूनं वाटी खाली ठेवली आन आतल्या खोलीकडं पाहून हात जोडले. आत वहिनी नाक दाबून पावडर पिऊन राह्यली होती.

"आई, हे काय केलं तुम्ही?" काकू गेल्यावर वहिनी म्हणे. आई म्हणे, "आठ हप्ते बरोबर तुळशीच्या लग्नापर्यंत बसतात, मी मोजलं. तवर कोणी विचारनार नाई. तू पी."

आन खरंच कोणी विचारलं नाई! उलट मान वाढला. नवरात्रात बाया दर्शनाले आल्यासारख्या यायच्या. त्याच ज्या पाणी पीत नव्हत्या, त्या आता चहा बी प्यायच्या. एक जण तं लेकरू घेऊन आली, म्हणे याच्या डोक्यावर हात ठेवा. रुख्मिणीबाई, साठीच्या, वहिनीच्या पाया पडल्या! वहिनी पाय ओढून पलंगावर चढली. दादा डेपोतून आला की म्हणे, "आई, दाराशी चपलांचं स्टँड लावू का?" आई त्याले लाटणं दाखवे.

एक दिवस आम्ही दोघी गच्चीवर कपडे वाळू घालून राह्यलो होतो. वहिनी म्हणे, "प्रेरणा, गंमत पा न. रोग आहे म्हणून सांगत होती तेव्हा सगळे म्हणत, खा वं, खाल्ल्यानं ताकद येते, डॉक्टरचं काय ऐकते. आता खोटा नेम आहे तं कोणी म्हणत नाई एक घास खा म्हणून." मले वाटलं, खरं आहे. आपल्याकडं देवासाठी उपाशी राह्यलं तं चालते, आतड्यासाठी नाई चालत.

पण सोपं होतं असं नोको समजू. आम्ही तिघं जेवाले बसलो की ती उठून मागच्या खोलीत जाये, टीव्ही मोठा करून. पुढं पुढं आम्हीच चोरावानी जेवाले लागलो, फोडणी न देता, आवाज न करता. दिवाळीत आईनं चकल्या केल्या, पाहुण्यांसाठी कराच लागतात. दुपारी मी कोठीत गेली तं वहिनी तिथं उभी. तोंड चालू. हातात कागद. मले पाहून तिनं सगळं कागदावर थुकलं. म्हणे, "गिळली नाई. शपथ. मले फक्त कुरकुर आवाज ऐकाचा होता तोंडात. आईले नोको सांगजो." मी कागद घेतला आन बाहेर टाकून आली. मले इतकं कसंतरी झालं न, तिची दया बी आली आन भीती बी वाटली. पण वजन वाढून राह्यलं होतं. अडतीसचं बेचाळीस. जुलाब दोनवर आले. पोट दुखणं जवळपास बंद.

तुळशीच्या लग्नाले तीन दिवस राह्यले आन विमलकाकू सांगाले आल्या, एकदम आनंदात. आमच्याकडं नेम सोडताना जे सोडलं होतं ते आधी एका सवाष्णीले भरवतात, मंग आपण खातात. काकू म्हणे, "शोभा, आम्ही सात जणींनी ठरवलं. सातहीजणी वर्षालीलेच भरवनार. एवढा कडक नेम कोणी केला गल्लीत? तिच्या मुखात घास गेला की आमचे नेम पावले." आन बोटांवर मोजलं, माहं वांग्याचं भरीत, रुख्मिणीचा कांदा, कोणाची मेथी, कोणाचं शेंगदाण्याचं कूट...

काकू गेल्या. आई तिथंच खाली बसली. कारण ते सुरुवातीचे चार दिवस! वहिनीचे आठ हप्ते तुळशीच्या लग्नाले नाई, त्याच्या चार दिवस पुढं संपत होते, आन त्याच दिवशी सावंगीले स्कॅन.

आई म्हणे, "वर्षू, नखाएवढं. भरताचं नुसतं बोट जिभेले लावजो."

वहिनी म्हणे, "आई, महालक्ष्मीले बी एकच घास होता."

आवाज चढवून नाई म्हटलं तिनं. पण आईच्या तोंडावर असं आलं जसं कोणी तिले मारलं. म्हणे, "मंग सांगू की तुले पाळी आली. चार दिवस सुटतीन."

"आन पाचव्या दिवशी? वांग्याचं बी, मेथीचे देठ, कच्चा कांदा, हे मले सहा महिने तरी चालनार नाई म्हणते मॅडम. दर वेळी पाळी येईन का मले?"

मले हसू आलं आन मी हसली, आन आई माह्यावर धावली. "तू काय दात काढून राह्यली!"

तुळशीच्या लग्नाचा दिवस. अंगणात उसाचा मांडव, बोरं, आवळे, चिंचा. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. मंग सातहीजणी झाकलेली ताटं घेऊन रांगेत. वहिनीले पाटावर बसवलं. पहिला मान विमलकाकूचा. त्याईनं झाकण काढलं आन भरताचा वास... मी सांगू नाई शकत तुम्हाले. निखाऱ्यावर भाजलेलं वांगं, हिरवी मिरची, लसूण, कच्चं तेल. चार महिन्यांनंतर काकूनं हात लावला होता त्याले. त्याईनं घास केला, डोळे मिटून मोनालीचं नाव घेतलं आन हात वहिनीच्या तोंडाजवळ नेला.

वहिनीनं काकूचं मनगट धरलं. तोंड नाई उघडलं.

"खा न वं," काकू म्हणे.

"काकू, मी नेम नाई धरला." मनगट सोडलं नाई तिनं. "मले आतड्याचा रोग आहे. टीबी नाई. कोणाले लागत नाई. पण माहं आतडं आतून बारीक झालं. हे वांगं तिथं अडकलं तं उद्या माहं पोट कापा लागन. मले तुमचा घास खोटा नाई कराचा म्हणून सांगून राह्यली."

काकूचा हात तसाच हवेत. मंग त्याईनं मान वळवली. "शोभा?"

आई मांडवाचा ऊस धरून उभी होती. म्हणे, "मी बोलली खोटं. तिनं नाई."

बाप्पा, मंग जे सुरू झालं! रुख्मिणीबाई म्हणे, "मंग मी पाया कोणाच्या पडली?" एक जण म्हणे, "आमचे चार महिने वाया." दोघी ताटं उचलून दुसऱ्या घरी सवाष्ण शोधाले गेल्या. एकीनं जाता जाता फाटक असं आदळलं की आमचा कुत्रा भुकला. वहिनी पाटावरच बसेल. दादा पुढं होऊन बोलाले पाहे, तं वहिनीनं हातानं त्याले थांबवलं.

विमलकाकू नाई गेल्या. ओट्यावर बसल्या, ताट मांडीवर घेऊन. डोळ्यांत पाणी. म्हणे, "शोभा, माह्या मोनालीच्या नावानं होता वं तो. तू मले तरी सांगाचं."

आई म्हणे, "सांगतलं होतं न टीबीच्या वेळी. तेव्हा तूच पाणी पिणं सोडलं."

मले वाटलं आता या बी जातात. पण त्याईनं वहिनीले विचारलं, "मंग आठ हप्ते काईच खाल्लं नाई, ते बी खोटंच का?"

"ते खरं आहे."

"दिवाळीत बी नाई? चकली बी नाई?"

वहिनीनं माह्याकडं पाह्यलं, मंग आईकडं. म्हणे, "एक चावली. थुकली."

काकू तिच्याजवळ सरकल्या. मंग एकदम हळू, बाकीच्याईले ऐकू नाई जावं म्हणून, म्हणे, "दसऱ्याले मी बी रस्स्यात बोट बुडवून चाटलं होतं. वांग्याच्या. कोणाले सांगतलं नाई."

आन दोघी हसल्या हो! म्हणजे हसल्या का रडल्या, मले सांगता येत नाई. आईले समजेना काय झालं. काकूनं ताटावर झाकण टाकलं आन उठल्या. म्हणे, "मी घास एकदा तुह्यासाठी उचलला. आता दुसऱ्या कोणाले नाई भरवत. तुह्या मॅडमले विचारून सांगजो, वांगं कधी चालते ते. तवर मी थांबते."

"काकू, सहा महिने लागतीन. कदाचित जास्त."

"चार काढले, सहा निघतीन." आन जाता जाता आईले म्हणे, "तुह्याशी मी बोलत नाई अजून."

खरंच नाई बोलल्या, पंधरा दिवस. वाटी द्याच्या ती दादाच्या हाती. मोनालीचं अजून काई ठरलं नाई. रुख्मिणीबाई अजून आमच्या दारावरून तोंड फिरवून जातात. सगळं गोड झालं असं नाई.

चार दिवसांनी सावंगीले गेलो. स्कॅन झालं. डॉक्टर खूप वेळ पाहत राह्यले, आम्ही तिघी एकाच बाकावर, आई माहं बोट इतकं दाबून बसेल की ते पांढरं पडलं. डॉक्टर म्हणे, सूज बरीच उतरली. जागा मोकळी झाली, पूर्ण नाई, पण झाली. ऑपरेशन आत्ता नोको. पुढं लागनारच नाई असं मी लिहून देत नाई. आता इंजेक्शनं सुरू करू, आन जेवण हळूहळू. भावना मॅडमनं यादी दिली, तीन दिवसांनी एक नवी वस्तू, बाकी गिलास चालूच. पहिली वस्तू, मऊ भात आन मुगाच्या वरणाचं गाळलेलं पाणी.

त्या दिवशी आईनं भात केला. पातेल्यापाशी उभीच होती, तीनदा शीत दाबून पाह्यलं. वाटीत घेतला, चमचा ठेवला. वहिनी बसली. आम्ही तिघं समोर.

तिनं पहिला घास तोंडात घेतला आन चावत राह्यली. चावत राह्यली. गिळेच ना. मी म्हटलं, गिळ न वहिनी. तिनं मान हलवली. डोळे असे मोठे झालेले. मले तेव्हा समजलं, तिले भूक नव्हती आठवत, तिले भीती वाटत होती. आठ हप्त्यांत भात तिच्यासाठी अडकणारी वस्तू झाली होती. दादा म्हणे, "पाणी देऊ का?" मी म्हटलं, "थुकाचं असन तं थुक."

आईनं आमच्या दोघांचे हात धरले आन आम्हाले उठवलं. म्हणे, "चला बाहेर. तिले तिच्या मनानं जेवू द्या." माही आई! जिनं आयुष्यात कोणाच्या ताटावरून नजर काढली नाई!

आम्ही अंगणात उभे. आईनं दार लोटून घेतलं आन दाराकडं पाठ करून उभी राह्यली. तोंडातल्या तोंडात काईतरी म्हणे, मी कान दिला तं देवाचं नाव नव्हतं, "हळू, हळू" म्हणून राह्यली होती. किती वेळ गेला माहीत नाई. रस्त्यानं भाजीवाला गेला, दादानं त्याले हातानंच पुढं जा म्हणून सांगतलं.

मंग आतून वाटीले चमचा लागल्याचा आवाज आला. थोडं थांबून, आणखी एकदा.